परिसरातली धूळ मोजताना: आठ खोक्यांच्या नोंदी

पुण्यातील एक विद्यापीठ परिसर, ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५

७ ऑक्टोबर, सोमवार

परिसरात आठ जागी हवेतली धूळ मोजणारे खोके बांधायचे आहेत, त्यांचे साहित्य आले. एका खोक्याला लागणाऱ्या वस्तू: हवेतले कण मोजणारा पीएमएस ५००३ लेझर सेन्सर, ईएसपी३२ बोर्ड (नोंदी घेणारा छोटा संगणक), एसएचटी३१ (तापमान व आर्द्रता), डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल, मायक्रो एसडी कार्डाचे मॉड्यूल, ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो आयपी६५ (धूळ-पाणी न शिरणारा) जंक्शन बॉक्स. आठ जागा, पण संच नऊ. नववा कायम विभागाच्या गच्चीवर राहील. बाकीचे आठ भरकटले की नाही हे ठरवायला एक तरी जागचा न हललेला हवा.

जोडणी: सेन्सरच्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, पण त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टचे असतात. त्यामुळे ईएसपी३२ ला थेट जोडता येतो, मध्ये व्होल्ट जुळवणारा लेव्हल शिफ्टर नको. सेन्सरची टीएक्स (डेटा पाठवणारी) तार बोर्डाच्या १६ नंबरच्या पिनेत, वेग सेकंदाला ९६०० बिट. प्रत्येक फ्रेम, म्हणजे एका वेळी येणारा आकड्यांचा गठ्ठा, ३२ बाइटची असून तिची सुरुवात ६६ आणि ७७ या आकड्यांनी होते. पहिल्या ३० बाइटची बेरीज शेवटच्या दोन बाइटशी जुळली तरच फ्रेम घ्यायची. ही तपासणी गाळली की मधूनच तीन-चार हजारांचा आकडा येतो आणि तासाची सरासरी बिघडवतो.

सेन्सर कणांच्या प्रत्येक आकारासाठी दोन रकाने देतो, एक ‘सीएफ १’ आणि दुसरा ‘वातावरणीय’. कमी प्रदूषणात दोन्ही सारखेच असतात. आकडे चढले की वातावरणीय रकाना मागे पडत साधारण दोन-तृतीयांशावर येतो. इंटरनेटवरच्या काही तयार लायब्ररी एक रकाना देतात, काही दुसरा. दोन्ही साठवायचे, दुरुस्ती मात्र पूर्ण प्रकल्पभर ‘सीएफ १’ वरच करायची.

घड्याळ मॉड्यूलमध्ये एक मेख आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारे सर्किट असते, आणि त्यात बसवला जातो साधा सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो. सेल फुगतो. सेलशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर नऊही मॉड्यूलवरून काढला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

खोके बांधले. सेन्सरची हवा आत घेणारी भोके आणि पंख्याचा झरोका एकाच बाजूला असतात. बंद खोक्यात तो स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा ओढतो. म्हणून दोघांच्या मध्ये फोमची पट्टी चिकटवली आणि दोन्ही तोंडे तळाला, जमिनीकडे केली. पावसाचा प्रश्नही त्यातच सुटला.

एसएचटी३१ खोक्याच्या आत ठेवायचा नाही. बोर्डाच्या उष्णतेने आतले तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी जास्त राहते, तितकी आर्द्रता कमी दिसते, आणि पुढची सगळी दुरुस्ती आर्द्रतेवर उभी आहे. तो तळाशी बाहेर काढून उलट्या प्लॅस्टिकच्या वाटीखाली टांगला.

तोंडावर स्टीलची जाळी, छिद्र साधारण २ मिमी. मच्छरदाणीची बारीक जाळी लावायचा मोह होतो, पण ती धुळीने बुजते आणि सेन्सर हळूहळू ‘स्वच्छ हवा’ दाखवू लागतो. हा बिघाड सर्वांत वाईट, कारण आकडे छान दिसत असताना कोणी तपासायला जात नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आपसातली तुलना. नऊ खोके एका बंद खोलीत टेबलावर, छताचा पंखा मंद, कोपऱ्यात एक उदबत्ती. पंधरा मिनिटांनी उदबत्ती विझवली आणि आकडे उतरताना दोन तास नोंदवले. प्रत्येक मिनिटाला नवांचा मध्यक काढून प्रत्येक खोका त्याच्याशी पडताळला. नियम: मध्यकापासून दहा टक्क्यांच्या आत. ४ क्रमांकाचा बाहेर गेला. उघडून पाहिले तर फोमची पट्टी एका भोकावर सरकलेली होती. कापून पुन्हा लावल्यावर रांगेत आला.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवायला हवी. उदबत्तीचा धूर एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो आणि हे सेन्सर नेमके तेच चांगले पाहतात. नऊ जणांचे उदबत्तीवर एकमत झाले म्हणजे रस्त्याच्या धुळीवरही होईल, असे नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

नऊही खोके विभागाच्या गच्चीवर फाइन पार्टिक्युलेट सॅम्पलरशेजारी (हवा ओढून बारीक कण फिल्टरवर गोळा करणारे यंत्र) मांडले, म्हणजे सेन्सरचा आकडा फिल्टरच्या वजनाशी ताडता येईल. तोंडे सॅम्पलरच्या तोंडाच्या उंचीला, अंतर दोन मीटरच्या आत.

सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला १ आणि २४ तासांत २४ घनमीटर. इम्पॅक्टरमधल्या (जाड कण अडवणारा भाग) ३७ मिमीच्या ग्लास फायबर फिल्टरवर सिलिकॉन तेलाचे थेंब टाकायचे. जाड कण तिथे अडकतात, बारीक पुढे ४७ मिमीच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरवर बसतात. तेल कमी पडले की जाड कण उसळी मारून पुढे जातात आणि पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा) फुगतो.

वजनात खरी कसोटी आहे. हवेत ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असतील तर दिवसभरात फिल्टरवर जमतात फक्त १.२ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेतला चार दशांशी तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचतो, म्हणजे एका अंकाची चूक हवेत ४ मायक्रोग्रॅमची होते. पाच दशांशी तराजूच घ्यायचा, शक्य असेल तर सहा. फिल्टर वजनाआधी २४ तास २० ते २३ अंश आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत, वजन तीनदा, प्रत्येक दहा फिल्टरमागे एक कोरा फिल्टर नेऊन न वापरता परत आणायचा. पीटीएफईवर स्थिर विद्युत जमते आणि तराजूचा काटा सरकत राहतो, म्हणून आयोनायझरसमोर अर्धा मिनिट धरायचा. चिमटा सपाट टोकाचा, बोट कधीच नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आठ फिल्टर झाले, सहा धरले. एका रात्री वीज गेली आणि सॅम्पलर १९ तासांवर थांबला. २३ तासांच्या आतला फिल्टर धरायचा नाही. १९ तासांचा आकडा २४ तासांवर ताणला तर सुटतात नेमके पहाटेचे तास, आणि दिवसातली सगळ्यात घाण हवा त्याच वेळी असते. दुसरा फिल्टर कडेला फाटलेला निघाला.

सेन्सरचा आकडा फिल्टरशी जुळवायला सहाच बिंदूंवर रेषा काढणे म्हणजे तसे धाडसच. तरी दिशा स्पष्ट आहे. परतीच्या पावसानंतरच्या दमट रात्री सेन्सर फिल्टरपेक्षा बराच वर, कोरड्या दिवशी जवळ. फिल्टर कोरडा करून वजन होतो, सेन्सर मात्र पाण्याने फुगलेला कण पाहतो. त्यासाठी एक जुने सूत्र चालते: आर्द्रता दशांशात मांडायची, तिचा वर्ग करून (१ वजा आर्द्रता) ने भागायचे, ०.२५ ने गुणायचे आणि १ मिळवायचा. येणाऱ्या संख्येने सेन्सरचा आकडा भागायचा. ६० टक्क्यांना भाजक १.२३, ८० ला १.८, ९० ला ३.०३. ऐंशीच्या पुढे भाजक कसा उडी मारतो पाहा. तिथे आर्द्रता मोजण्यात तीन टक्क्यांची चूक झाली तरी पीएमचा आकडा कुठच्या कुठे जातो. म्हणून ८५ टक्क्यांवरचे तास ‘संशयित’ अशी खूण करून बाजूला ठेवायचे, खोडायचे नाहीत.

परदेशी सेन्सर-जाळ्यांची तयार समीकरणे इथे उचलून लावायची नाहीत. ती त्यांच्या हवेतल्या कणांवर बसवलेली असतात.

३० ऑक्टोबर, बुधवार

आठ जागा: मुख्य फाटक, बसथांबा, ग्रंथालयाची हिरवळ, वसतिगृहाची खानावळ, नव्या इमारतीचे बांधकाम, खेळाचे मैदान, मागची वडाची राई, कर्मचारी वसाहत. उंची अडीच ते तीन मीटर, भिंतीपासून एक मीटर पुढे जीआय पट्टीच्या हातावर. एसीचा गरम झोत आणि खानावळीचा एक्झॉस्ट टाळला.

संध्याकाळी पहिला आलेख पाहिला, तर फाटकावरचा गर्दीचा उंचवटा पहाटे अडीचला. खोके जागतिक वेळेनुसार नोंदवत होते, साडेपाच तासांचा फरक. सकाळी आठची वर्दळ अडीचला दिसत होती. यापुढे फाइलमध्ये दोन्ही वेळा लिहायच्या, आणि रकान्याच्या नावातच ‘भाप्रवे’ (भारतीय प्रमाणवेळ) घालायचे.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

लक्ष्मीपूजनाच्या रात्री वसाहतीतला खोका ५०० च्या पुढे. सेन्सरची भरवशाची मर्यादा ५०० पर्यंतच आहे, त्यापुढचे आकडे ‘खूप’ एवढ्याच अर्थाने वाचायचे. १ ते ३ तारखेचे तास जुळणीच्या रेषेतून वगळले. फटाक्याच्या धुरातले कण वेगळे असतात आणि असे चार-पाच बिंदू अख्खी रेषा आपल्याकडे ओढतात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाहणी. मैदानावरचा खोका चार दिवसांपासून एकच आकडा देतोय. उघडला तर कुंभारीण माशीने चिखलाचे घर थेट सेन्सरच्या भोकावर बांधलेले. २ मिमीची जाळी होती, पण चिकटवताना एक कोपरा सुटला होता. वडाच्या राईत मुंग्या, बसथांब्यावर कोळ्याचे जाळे (त्याचा एक धागा लेझरसमोर आला की पीएम २.५ अधूनमधून शंभरने उडतो). कडा सिलिकॉनने बंद केल्या आणि टांगायच्या पट्टीवर ग्रीस लावले. तपासाचा नियमही ठरवला: सलग सहा तास आकडा बदलला नाही, किंवा शेजारच्या दोघांपेक्षा एकटाच निम्म्याहून खाली राहिला, तर जाऊन पाहायचे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दोन आठवड्यांची पहिली क्रमवारी, दुरुस्ती करण्याआधीची. सर्वांत वाईट ग्रंथालयाची हिरवळ, सर्वांत स्वच्छ बांधकाम. ही यादी कुणाला दाखवली तर हसतील, आणि बरोबरच हसतील.

हिरवळीचे कोडे लवकर सुटले. माळी पहाटे साडेपाचला स्प्रिंकलर सोडतो. त्यानंतरचे तीन तास एसएचटी३१ नव्वदच्या वर, आणि पीएम नेमका त्याच तीन तासांत चढतो. ते सगळे पाणी आहे. कडक पाण्याचा बारीक तुषार वाळला की त्यातले क्षारही कण म्हणून उरतात, म्हणजे थोडा भाग खराही असू शकेल, पण आठात पहिला नंबर येण्याइतका नाही. खोका इमारतीच्या पलीकडच्या बाजूला हलवला.

बांधकाम स्वच्छ का दिसते हे अजून उघडे आहे. डंपर, खडीचा ढीग आणि टाइल कापणारे यंत्र, तिन्ही खोक्यापासून तीस मीटरच्या आत आहेत.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचे मतदान, सुट्टी. फाटकावरचा सकाळचा उंचवटा आज बसका. ‘वाहने नसली की हवा स्वच्छ’ असे यावरून लिहायचा मोह आवरायचा. एकच दिवस, वारा वेगळा, आणि तुलनेला दुसरा बुधवार घ्यायचा तर किमान चार-पाच बुधवार हवेत.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बांधकामाचे कोडे. विभागातला रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर खोक्याशेजारी लावला: मिनिटाला १.१ घनमीटर, ८ × १० इंची ग्लास फायबर फिल्टर, आठ-आठ तासांच्या पाळ्या. एका पाळीत ५२८ घनमीटर हवा जाते. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा) शंभर असेल तर ५० मिलिग्रॅमवर धूळ जमते, म्हणून इथे चार दशांशी तराजू पुरतो. सायक्लोनखालच्या (हवा गरगर फिरवून जाड धूळ वेगळी करणारा भाग) कपात पडते ती जाड धूळ पीएम १० मध्ये धरायची नाही. दरवर्षी कुणीतरी नवीन हात ती धरतो.

सकाळच्या पाळीचा फिल्टर मुरमाच्या रंगाचा झाला. पीएम १० देशाच्या २००९ च्या मानकाच्या, म्हणजे २४ तासांच्या १०० मायक्रोग्रॅमच्या, बराच वर. मानक २४ तासांचे आणि पाळी आठ तासांची, त्यामुळे थेट तुलना चुकीची, पण अंदाजाला पुरेशी. शेजारच्या खोक्याच्या पीएम १० च्या रकान्यात त्याची गंधवार्ताही नाही.

मग खराट्याची परीक्षा. खोक्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला तीन मीटरवर मुरमाचा रस्ता दहा मिनिटे झाडला. तिरप्या उन्हात धूळ डोळ्यांना दिसत होती, पण सेन्सरचा पीएम १० किंचित हलला. त्याला पीएम २.५ ने भागून पाहिले: झाडताना, झाडण्याआधी, दिवाळीत, पहाटे, गुणोत्तर जवळपास तेच.

कारण सेन्सरच्या घडणीत आहे, आणि या जातीच्या सगळ्या स्वस्त लेझर सेन्सरना ते लागू आहे. हवा आत वळणे घेत लेझरपर्यंत पोचते, जाड कण वळणावर मागे राहतात. जे पोचतात ते मोजणीला पुरतील इतके नसतात. पीएम १० चा आकडा मग बारीक कणांवरून अंदाजाने भरला जातो. म्हणजे आपण मोजतोय असे वाटत होते ते पीएम १० कधी मोजलेच गेले नव्हते. आजपासून हा रकाना साठवायचा, पण आलेखात काढायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही. पीएम १० साठी सॅम्पलर प्रत्येक जागी महिन्यातून तीन दिवस फिरवायचा. काम वाढले, इलाज नाही.

बांधकामावरच्या अभियंत्यांना फिल्टरच दाखवला. आकड्यांपेक्षा त्याचा रंग पटकन समजला. मागण्या चार: खडी-वाळूच्या ढिगावर ताडपत्री, टाइल कापताना पाण्याची धार, डंपर बाहेर पडण्याआधी टायर धुणे, आणि टँकरने रस्त्यावर एकदाच भरपूर पाणी मारण्याऐवजी दिवसातून चार वेळा थोडे. मुरूम तासा-दोन तासांत वाळतो. सकाळी एकदा मारलेले पाणी दुपारच्या डंपरना उपयोगाचे नाही.

११ डिसेंबर, बुधवार

महिन्याच्या सुरुवातीचे ढगाळ दिवस ८५ टक्क्यांच्या नियमात अडकले, बराचसा भाग संशयित. त्यानंतर आकाश मोकळे आणि थंडी. आता रात्रीची हवा जमिनीलगत थंड, वर उबदार, म्हणजे वर झाकण. जे काही जळते ते खालीच साचते आणि सकाळी ऊन तापेपर्यंत राहते.

या काळात दोन जागा वेगळ्या दिसतात. फाटकावर रात्री ११ ते ५ अणकुचीदार चढ-उतार. रहदारी नाही, आणि दोनशे मीटरवरच्या बसथांब्याला काहीच नाही. स्रोत दूरचा असता तर दोन्ही खोके एकत्र चढले असते. एकच चढतो आणि मिनिटामिनिटाला हलतो, म्हणजे आग जवळ आहे. निघाली रात्रपाळीच्या रखवालदारांची शेकोटी. त्यात लाकडाबरोबर प्लायवुडचे तुकडे आणि पुठ्ठेही. वडाच्या राईत सकाळी साडेसहा ते साडेसात एकच मोठा उंचवटा, रविवारी नाही. झाडलोट करून पालापाचोळा तिथेच पेटवला जातो. रविवार हा पुरावाच म्हणायचा.

शेकोटीवर बंदीचा कागद काढणे सोपे आहे. पण दहा-अकरा अंशांत उघड्यावर बसणारा माणूस काहीतरी पेटवणारच. सुरक्षा विभागाला सुचवले: चौकीला दार आणि खिडकीला काच, आत तेलाचा विजेचा हीटर, आणि उबदार कोट. कोट आधी.

२२ डिसेंबर, रविवार

पालापाचोळ्याचा निकाल. राष्ट्रीय हरित लवादाने बरोबर आठ वर्षांपूर्वी, २२ डिसेंबर २०१६ रोजी, उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली: साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंड. पाला जाळणे थांबवण्याच्या पत्रात हे लिहिले, पण खाली पर्यायही दिला, नाहीतर पाला टाकायचा कुठे? राईच्या मागे विटांचे तीन हौद, प्रत्येक १० × ४ फूट, उंची ३ फूट, विटांमध्ये हवेला फटी. पाला आधी श्रेडरमधून. अख्खे वडाचे पान थरावर थर चिकटून बसते, हवा जात नाही आणि वर्ष गेले तरी तसेच राहते. फूटभर पाला, वर शेणकाल्याचा शिडकावा, मूठ आवळली तर बोटे ओली व्हावीत पण पाणी गळू नये इतकी ओल, आणि पंधरा दिवसांनी पलटायचा. एक भरताना, एक कुजताना, एक उपसताना, म्हणून तीन. बांबूचे पान वेगळे ठेवायचे, ते फार हळू कुजते.

६ जानेवारी २०२५, सोमवार

फाटकावर ‘आजचा एक्यूआय’ (हवा गुणवत्ता निर्देशांक) दाखवणारा फलक लावावा, अशी मागणी आली. नकार कळवला. आपल्याकडचा एक्यूआय काढायला किमान तीन प्रदूषके लागतात, त्यातले एक पीएम २.५ किंवा पीएम १०, आणि किमान १६ तासांच्या नोंदी. आपल्याकडे एकच प्रदूषक आहे. मिनिटाचा आकडा सूत्रात घालून लाल रंग दाखवला तर एखादी रिक्षा खोक्याखाली थांबली की फलक ‘गंभीर’ होईल.

त्याऐवजी पीएम २.५ ची मागच्या २४ तासांची दुरुस्त सरासरी, आणि खाली ‘मानक ६०, जागतिक आरोग्य संघटनेची पातळी १५’. उपनिर्देशांक (एकट्या प्रदूषकाचा निर्देशांक) हवाच असेल तर ६० ते ९० चा पट्टा १०० ते २०० वर बसतो. ७५ आले तर १५०, ‘मध्यम’. तासात ४५ मिनिटांच्या नोंदी नसतील तर तो तास रिकामा, आणि रिकामे तास जास्त झाले की फलकावर आकड्याऐवजी रेघ. रेघ दिसली की लोक फोन करतात, तेही उपयोगाचेच.

१३ जानेवारी, सोमवार

आठही खोके उतरवून पुन्हा गच्चीवर, नवव्याशेजारी. बसथांब्याचा ऑक्टोबरपेक्षा खाली वाचतो. पंख्यावर काळी बुरशीसारखी काजळी. फुंकणीच्या रबरी फुग्याने साफ केला, तरी पूर्ण सुधारला नाही. सेन्सर बदलायचा, जुन्याच्या शेवटच्या आठवड्यांना वेगळा गुणक लावायचा. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, त्याने धूळ आत लेझरपर्यंत जाते.

दुरुस्त पीएम २.५ ची क्रमवारी आता अशी: वडाची राई सकाळी सर्वांत वर, रात्री फाटक, मग बसथांबा, हिरवळ शेवटून दुसरी. बांधकाम या यादीत मधे कुठेतरी, आणि पीएम १० च्या वेगळ्या यादीत पहिले. दोन याद्या एकाच तक्त्यात घालायच्या नाहीत.

पुढचे: फिल्टर २० तारखेपासून, राईत. तिसऱ्या हौदाच्या विटा अजून आलेल्या नाहीत. सॅम्पलरच्या इम्पॅक्टरचे तेल संपत आलेय, मागवायचे.